सुटलेलं फूल

रेणुकेच्या पिशवीत लॅपटॉप होता, लेकीची दोन कोरडी झबली होती आणि घडी घातलेला एक कागद होता. त्या कागदापायी तिचे दहा दिवस गेले होते. आधी त्याची अठरा पानं झाली होती. मग चिमी मांडीवर पिता पिता झोपली की एका हातानं तिला थोपटत, दुसऱ्या हातानं एकेक ओळ खोडत, काल दुपारी रेणुका एका पानावर येऊन थांबली होती.

रिक्षा नवीन जालन्यात स्टेशन रोडला वळली तशी तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"किती येळ लागंल?" शेजारी नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या पुष्पाबाईनं विचारलं. रेणुकेची ही आई सकाळच्या एसटीनं वाटूरहून आली होती, खास लेकराला धरायला.

"अर्धा तास दिलाय मालकानं."

"अर्ध्या तासात त्यो मानूस नुसता चष्मा पुसतो."

"तुला काय म्हाईत?"

"घ्या. सोळा वर्सं त्यांच्या बियान्याच्या प्लॉटवर काम केलं म्या, अन् मला इचारती काय म्हाईत." पुष्पाबाईनं नातीच्या तोंडातून पदराचं टोक सोडवलं. "तू निस्तं नीट बोल. लई इंग्रजी फेकू नको."

रेणुका हसली, पण बोटं पिशवीच्या बंदाशी चाळा करतच राहिली. पाच वाजेपर्यंत तिला पुण्याला कळवायचं होतं. चिमी व्हायच्या आधी ती पुण्यात एका कंपनीत होती. लोकांच्या कॉम्प्युटरमधून कुणी चोरवाटेनं आत शिरतंय का ते शोधायचं, आणि ज्यांचे कॉम्प्युटर त्यांना ते समजावून सांगायचं, हे तिचं काम. आता कंपनी म्हणत होती, सोमवारी रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. म्हणजे रेणुका पुण्यात, नवरा भारत जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर, आणि अकरा महिन्यांची चिमी वाटूरला आजीपाशी. एक घर तीन गावांत. त्याला दुसरी वाट एकच होती: जालन्यात तिला स्वतःचं काम मिळालं पाहिजे. आणि बियाण्याच्या धंद्यातली माणसं शेजाऱ्यानं काय पेरलं ते बघून पेरतात. पहिला माणूस मिळाला की बाकीचे येतात. पहिला मिळणंच अवघड.

तो पहिला माणूस म्हणजे भुजंगराव, रखमाजी सीड्सचे मालक. भेंडी आणि मिरचीचं बियाणं. कंपनीला वडलांचं नाव दिलेलं, आणि सगळ्यात जास्त खपणाऱ्या भेंडीलाही वडलांचंच नाव: रखमाजी ७.

त्यांच्या ऑफिसात रेणुकेला शिरकाव मिळाला तो वंदनाताईमुळे. वंदनाताई तिच्याच गल्लीत राहायची आणि वीस वर्षं भुजंगरावांकडे कामाला होती. फोन, कॉम्प्युटर, माल रवाना करणं, सगळं तीच बघायची. तिनंच मालकाच्या कानावर घातलं की गल्लीतली एक पोरगी कॉम्प्युटरची राखण शिकलेली आहे, एकदा बघू द्या. मालक म्हणाले, बघू दे, पण कशाला हात लावायचा नाही. तशी रेणुका दहा दिवस एका स्टुलावर बसून नुसती बघत आणि ऐकत होती.

आणि वंदनाताईनं तिला एक सावधगिरीची गोष्टही सांगून ठेवली होती. मागच्या वर्षी पुण्याहून एक तज्ज्ञ आला होता. त्यानं सगळ्या नोकरांदेखत सांगितलं, तुमची सिस्टीम म्हणजे सताड उघडं दार आहे, उद्या धंदा बंद पडेल. भुजंगराव म्हणाले, "तू ज्योतिषी हाये का रे?" आणि तिथंच बैठक संपली. त्याचा ऐंशी पानांचा अहवाल ऑफिसात अजून होता. कूलरचा एक पाय आखूड होता, त्याखाली.

"साहेब वाईट न्हाईत," वंदनाताई म्हणाली होती, "पन त्यांला कोनी चूक दाखवली की त्यांला वाटतं, बापाला नावं ठिवली."

*

पुष्पाबाई चिमीला घेऊन व्हरांड्यात बसली आणि रेणुका आत गेली. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. भुजंगराव चष्मा पुसत होते.

"बोल," ते म्हणाले. "घाई कर. माल निघायचा टाइम हाये हा. दीड महिन्यावर पेरनी आली."

तिनं पाठ केलेली सुरुवात केली. रात्रंदिवस घोकलेली होती. "काका, भेंडीच्या प्लॉटभोवती आपण अंतर ठेवतो ना? दुसऱ्या भेंडीचे पराग उडून येऊ नयेत, भेसळ होऊ नये म्हणून? तसंच कॉम्प्युटरचं..."

"थांब." भुजंगरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आता तू म्हनशील, कॉम्प्युटर म्हंजी प्लॉट अन् चोर म्हंजी भुंगा. व्हय ना?"

नेमकं हेच रेणुकेचं पुढचं वाक्य होतं.

"पुन्यावाल्यानं भेव दाखवलं. तू गोष्ट सांगून राह्यली. मला सरळ कोनीच का सांगना? मी काय तुज्या लेकरायेवढा हाये?"

कान गरम झाले तिचे. व्हरांड्यातून चिमीचा हुंकार ऐकू आला. तिनं हातातला तो एका पानाचा अहवाल टेबलावर पालथा घातला.

"चुकलं माझं, काका. सरळ सांगते. जरा खिडकीपाशी येता?"

ते कुरकुरत उठले. रस्त्यापलीकडे एका गोदामाची लांबच लांब भिंत होती आणि तिच्यावर पुरुषभर उंचीची पिवळी अक्षरं.

"काय लिहिलंय?"

"दिसतंय की. रखमाजी सात."

"कुणी रंगवलं?"

भुजंगरावांचा आवाज लगेच सैल पडला. "परमेश्वर पेंटरनं. असा हात न्हाई जिल्ह्यात. वाटूरपसून आष्टीपर्यंत एकशे चाळीस भिंती रंगवल्या त्यानं. शाळेची सोडून एक भिंत ठिवली न्हाई."

"काका, आता ऑफिसच्या मेलचा पासवर्ड आठवा."

त्यांचा हात चष्म्याकडे गेला.

"आणि या कॉम्प्युटरचा. आणि जोड्यांची वही ज्यात आहे त्या कपाटातल्या लॅपटॉपचा. तिन्हींचा एकच आहे. मी दहा दिवसांत कुणालाही विचारला नाही, तरी चार जणांच्या तोंडून ऐकला. आपण तो एकशे चाळीस भिंतींवर लिहून ठेवलाय."

जोड्यांची वही म्हणजे रखमाजी सीड्सचा जीव. कुठल्या नराचा पराग कुठल्या मादीवर घातला की कुठलं वाण तयार होतं, याची बावीस वर्षांची नोंद. कागदाची मूळ वही वाळवीनं खाल्ल्यापासून ती फक्त त्या लॅपटॉपमध्ये होती. ती ज्याच्या हाती लागेल त्याला रखमाजी ७ आपल्या शेतात बनवता आली असती.

भुजंगराव भिंतीकडे बघत उभेच राहिले.

"वडलाचं नाव हाये ते," शेवटी ते म्हणाले. तक्रार नव्हती. लहान पोरासारखं सांगणं होतं.

"भिंतीवर राहू द्या ना. शोभतं तिथं. कुलपाला तेवढं दुसरं घालू."

तिला वाटलं, जमलं. पण भुजंगरावांची मान लाल होत चालली होती. ते टेबलाकडे वळले.

"कोनी ठिवला हा पासवर्ड? वंदनाबाईनंच ना? वीस वर्सं मीठ खाऊन..." त्यांचा हात घंटीकडे गेला. "आज तिचा हिशोबच करून टाकतो."

पासवर्ड कुणी ठेवला हे रेणुकेला वंदनाताईकडून कळलेलं होतं. मालकांनीच तो ठेवायला लावला होता, कॉम्प्युटरपुढं नारळ फोडून. पण ते आत्ता बोललं तर बैठक संपली असती. आणि नाही बोललं तर वंदनाताई संपली असती. तिनं दोन्ही सोडलं आणि तिसरंच विचारलं.

"काका, घंटी वाजवायच्या आधी एक सांगा. तुमच्या प्लॉटवर सकाळी गूळ कशाबद्दल वाटतात?"

हात घंटीवर तसाच थांबला. "तुला काय म्हाईत गुळाचं?"

"बाहेर व्हरांड्यात माझी आई बसलीय. वाटूरच्या पुष्पाबाई. सोळा वर्षं तुमच्या प्लॉटवर होत्या."

"पुष्पाबाई?" त्यांनी दाराकडे पाहिलं. "हात चालायचा त्या बाईचा. शंभर बायांत वळखू यायचा."

"मग त्या गुळाचं तुम्हीच सांगा."

भेंडीच्या प्लॉटवर बाया संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरून त्यातले पुंकेसर काढून टाकतात, आणि सकाळी हव्या त्या झाडाचा पराग आणून हातानं लावतात. हजारो कळ्यांत एखादी नजरेतून सुटतेच. सुटली की सकाळी तिचं पिवळंधमक फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं आणि बियाण्यात भेसळ होते.

"पयल्या वर्सी," भुजंगराव खुर्चीत बसत म्हणाले, "एका बाईचं फूल सुटलं तर मुकादमानं तिला समद्यांदेखत शिव्या दिल्त्या. दुसऱ्या दिवसापसून कोनाचंच फूल सुटंना. आम्ही खुश. अन् मंग अख्खा लॉट चाचणीत नापास झाला. बाया सुटलेली फुलं पानाआड दडवून राह्यल्त्या." त्यांनी डोळे चोळले. "तवापसून रीत लावली. सुटलेलं फूल जी बाई आपनहून तोडून आनून देईल, तिला गुळाचा खडा. मुकादमानं तोंड उघडायचं न्हाई."

"आईला दोनदा मिळाला," रेणुका म्हणाली. "मला आणून द्यायची. काका, मी आता भुंग्याची गोष्ट सांगत नाहीये. ही तुमचीच रीत आहे. ऑफिसात कुणाचं फूल सुटलं तर काय करता तुम्ही?"

भुजंगरावांनी घंटीवरचा हात उचलून आपल्याच कपाळावरून फिरवला.

"वरडतो," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "अन् पासवर्ड मीच ठिवायला लावल्ता. मला आठवतंय सगळं."

*

मालकांची हाक ऐकून वंदनाताई आत आली ती दारातच उभी राहिली.

"बसा, वंदनाबाई."

वीस वर्षांत तिला त्या खोलीत कुणी बसा म्हटलं नव्हतं. तिनं रेणुकेकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि कशीबशी कडेला टेकली.

"ऑफिसात काही सुटलं असंल तर सांगा," भुजंगराव म्हणाले. एवढा हळू आवाज त्यांना काढता येतो हे त्यांनाही माहीत नसावं. "प्लॉटवरचाच नियम. कोनी काही बोलनार न्हाई."

वंदनाताईचे डोळे भरून आले. "साहेब, मागल्या बुधवारी... ट्रकच्या पावतीचा म्हनून एक मेल आल्ता. म्या त्याला दाबलं. मेलचं पान पुन्हा उघडलं, पासवर्ड मागितला. म्या दिला. पावती काही उघडली न्हाई. मंग मला कळलं, काहीतरी गडबड हाये." तिनं पदर तोंडाला लावला. "रेणुकेला सांगावं वाटलं धा बार. पन तुमच्या कानावर गेलं असतं. पोरीच्या कॉलेजचं वर्स हाये माज्या."

रेणुका उठून उभीच राहिली होती. दहा दिवस स्टुलावर बसून जे दिसलं नव्हतं ते दोन मिनिटांत टेबलावर आलं होतं.

"काका, मेलला हात लावू?"

"लाव. जल्दी."

ती वंदनाताईच्या कॉम्प्युटरपाशी बसली. मागून दोघं वाकून बघत होते. तिनं सेटिंग उघडलं, एकेक पान खाली सरकवत गेली, आणि तिचं बोट थबकलं.

"हे बघा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक नक्कल या पत्त्यावर जातेय. हा कुणाचाय?"

कुणाचाच नव्हता. अक्षरं आणि आकडे यांची नुसती खिचडी होती.

"बुधवारपासून. तेव्हापासूनचे सगळे मेल कुणीतरी वाचतंय."

"अगं माय," वंदनाताई खाली बसली. मग एकदम ताठ झाली. "साहेब, जोड्यांची वही."

"काय झालं वहीला?"

"आज चार वाजता सल्लागार सरांना मेल करायची हाये ना. तुमीच म्हनले, पेरनीच्या आधी एक नजर फिरवू द्या. म्या कपाटातल्या लॅपटॉपातून जोडून ठिवलीय. निस्तं बटन दाबायचं राह्यलंय."

तिघांनी एकाच वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला वीस मिनिटं कमी होती.

भुजंगरावांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. बावीस वर्षं, एकशे चाळीस भिंती आणि बापाचं नाव त्या एका बटणावर टेकलेलं होतं. आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं, जे ऐकायला रेणुका दहा दिवस स्टुलावर बसली होती.

"आता काय करू, सांग."

ती सांगत गेली आणि करत गेली. जोडलेली वही काढून टाकली. नक्कल पाठवणारा नियम पुसायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवला, सायबर पोलिसांना द्यायला. जिथून जिथून मेल उघडा होता तिथून सगळ्यांना बाहेर काढलं. "वहीच्या दोन नकला काढून देते, एक तुमच्या घरी तिजोरीत, एक तुम्हाला वाटेल तिथं. सरांना कागदावर छापून हाती द्या. आणि यापुढं पासवर्डाबरोबर तुमच्या मोबाईलवर एक आकडा येईल, तो घातल्याशिवाय मेल उघडणार नाही. आता नवीन पासवर्ड."

"सांग, काय ठिवू?"

"मला सांगायचा नाही. कुणालाच नाही. चार-पाच शब्दांचं काहीतरी, जे फक्त तुम्हालाच ठाऊक."

भुजंगराव विचारात पडले. छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं, आणि त्या हसण्यात ते विशीतले दिसले.

"तिकडं तोंड करा दोघी बी."

दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागून एका बोटानं टक, टक, लांबलचक वेळ चाललं होतं. मध्येच ते थांबून स्वतःशीच खुदकन हसले. वंदनाताईला हसू आवरेना.

"काय हसता वंदनाबाई? तुमचा बी येगळा ठिवायचाय."

"ठिवते साहेब."

"अन् गूळ न्हाई आज हापिसात. उद्या ढेप आनतो."

वंदनाताईनं मान वळवली नाही, पण रेणुकेला तिच्या गालावरून ओघळलेलं पाणी दिसलं.

"बुधवारपासून गेलेले मेल परत येणार नाहीत, काका," रेणुका म्हणाली. हेही सांगायलाच हवं होतं. "त्यात डीलरांची नावं, नंबर, मागण्या आहेत. आपल्या नावानं त्यांना खोटे मेल जाऊ शकतात. आजच सगळ्यांना फोन करून सांगावं लागेल."

"म्हंजी त्यांला सांगायचं, आमच्याकडं असं झालं म्हनून?"

"हो."

चष्मा पुन्हा पुसला गेला. भुजंगरावांनी फोन उचलला आणि आष्टीचा नंबर फिरवला. तिथले सांडूशेठ त्यांचे सगळ्यात जुने डीलर. फोन स्पीकरवर होता.

"सांडूशेठ, ऐका. आमच्या हातून एक फूल सुटलंय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. मेल, पावती, नक्कल, ती शोधून काढणारी बाई. भिंतीचंही सांगितलं, जे सांगायची काही गरज नव्हती. "आमच्या नावानं काही आलं तर आधी मला फोन. बराबर?"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"मालक, तुमी सांगितलं म्हनून सांगतो. माजा पासवर्ड तर मोबाईल नंबर हाये. दुकानाच्या बोर्डावरच लिहेल."

भुजंगराव असे हसले की कूलरखालचा अहवालही हलला असेल. "तुमी तर माझ्या म्होरं गेले."

"ती बाई कोन हाये म्हनले? तिला पाठवा ना इकडं. माजं बी बघू द्या. फकस्त दुकानात गिऱ्हाईकाम्होरं बोलू नको म्हनावं."

"तशी न्हाई ती. पुष्पाबाईची लेक हाये." भुजंगरावांनी फोनवर हात ठेवून रेणुकेकडे पाहिलं. "आमचं महिन्याच्या महिन्याला बघशील ना? का एका दिवसाचं काम हे?"

"महिन्याच्या महिन्याला," रेणुका म्हणाली.

"मंग झालं. अजून सत्तावीस डीलर हायेत. बस इथं, कोनाला काय सांगायचं ते सांग मला."

"दोन मिनिटं, काका."

ती व्हरांड्यात आली. चिमीनं तिला पाहताच दोन्ही हात पसरले. रेणुकेनं तिला पदराखाली घेतलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. एका हातानं तिनं फोन काढला. चिमी पिता पिता फोनकडे झेपावत होती, म्हणून दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पुण्याला निरोप लिहिणं जमलं: मी रुजू होणार नाही, मला जालन्यात काम मिळालंय, तुमचे आभार.

"काय लिहून राह्यली?" पुष्पाबाईनं विचारलं. "अन् मालक येवढे का हसून राह्यले? म्या सोळा वर्सांत त्यांला हसताना पाह्यलं न्हाई."

"सांगते, आई. समदं सांगते." तिनं चिमीचं डोकं हुंगलं, पोट भरलेल्या लेकीला आईच्या मांडीवर दिलं आणि पदर सावरत आत वळली. "हिला अजून जरा येळ धर. वाटूरच्या डीलरचा फोन लागलाय."